लाख, राळ आणि पाइपचा भाव : मंडईच्या दिवसांतली झाडीपट्टी

शुक्रवार : नागपूर ते साकोली

भाऊबीज झाली की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगाव मंडई (जत्रा) भरते. आमचे साडूभाऊ साकोलीचे. "या वर्षी मंडईले याच भाऊजी, लाखीचं झाडबी दाखवतो," असं त्यांनी दिवाळीआधीच बजावलं होतं. माझी नोकरी हिंगण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, खरेदी विभागात झाली. राळ, शेलॅक (शुद्ध केलेली लाख), अल्किड, फिनॉलिक अशा नाना रेझिनांचे, म्हणजे राळेसारख्या नैसर्गिक आणि कारखान्यात बनलेल्या पदार्थांचे, ड्रम आणि पोती देशोदेशांतून येत आणि त्यांच्या भावावरून मी फोनवर घसा कोरडा करत असे. निवृत्तीनंतर हा माल जिथून निघतो तिथे जायचं मनात होतंच.

नागपूरहून साकोलीला एसट्या भरपूर आहेत, त्यामुळे प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. भंडारा सुटलं की दोन्ही बाजूंना धान. निम्मा कापलेला, निम्मा उभा आणि काही बांध्यांत (भाताच्या वाफ्यांत) परतीच्या पावसाने साफ झोपवलेला. ओल्या तणसाचा वास बसच्या खिडकीतून आत येत होता.

साडूभाऊंना त्यांच्या बोडीपासून (लहान तळ्यापासून) वरच्या बांधीपर्यंत पाइप टाकायचा होता, म्हणून पोचल्या पोचल्या आधी पाइपच्या दुकानात. दुकानदार माझ्याच वयाचा निघाला आणि पीव्हीसीचा विषय काढताच खुलला. "2021 आठवते का? सकाळी भाव सांगितला तं संध्याकाळी मागे घ्या लागे. गिऱ्हाईक म्हणे मी लुटतो."

त्यात त्याचा काही दोष नव्हता. त्या वर्षी फेब्रुवारीत टेक्सास गोठलं आणि अमेरिकेतले पीव्हीसीचे कारखाने बंद पडले. ऑगस्टअखेर लुइझियानावर 'आयडा' वादळ आदळलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात चीनने विजेवर निर्बंध आणले. भारत आपल्याला लागणाऱ्या पीव्हीसी रेझिनपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो आणि त्यातलं बहुतेक पाइपांतच जातं. तैवानच्या फॉर्मोसा प्लास्टिक्सने महिन्याचा भाव जाहीर केला की आमच्या ऑफिसातले फोन वाजायला लागायचे. साकोलीच्या दुकानदाराला फॉर्मोसाचं नाव ठाऊक नव्हतं, पण "तिकडून रेट आला" हे वाक्य त्याच्याही तोंडी होतं.

पुढे चीनमधली घरबांधणी मंदावली, तिथला माल तुंबला आणि स्वस्तात आपल्याकडे वळला. चीनचं पीव्हीसी बहुतांश कोळशावर बनतं : कोळशापासून कॅल्शियम कार्बाइड, त्यापासून अ‍ॅसिटिलीन, आणि पुढच्या पायरीला पाऱ्याचं उत्प्रेरक. पाऱ्यावरच्या 2013 च्या मिनामाता करारामुळे हा पारा हटवायचा दबाव आता त्यांच्यावर आहे. अमेरिका तेच रेझिन शेल वायूतल्या इथेनपासून करते. दोघांनाही क्लोरीन लागतो, म्हणजे मीठ आणि चिक्कार वीज. पीव्हीसीच्या वजनात 57 टक्के तर क्लोरीनच. थोडक्यात, कारखान्यातलं रेझिन जिथे कोळसा, वायू आणि वीज स्वस्त, तिथे जाऊन बसतं. झाडावरच्या रेझिनचं गणित वेगळं असतं, ते दुसऱ्या दिवसापासून दिसायला लागलं.

साडूभाऊंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि पाइप उधारीवर घेतला.

रात्री झिंग्यांची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि एचएमटीचा भात. हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढलं. इकडे भात वाढताना त्यांचं नाव अजून निघतं.

शनिवार : अर्जुनी मोरगावकडे

सकाळी मोटारसायकलने निघालो. धुकं इतकं की नवेगाव बांधच्या फाट्यापर्यंत समोरची बैलगाडी अगदी जवळ आल्यावरच दिसायची. नोव्हेंबरात जाणार असाल तर स्वेटर आणि कानटोपी बरोबर ठेवा. दुपारी ऊन चटका देतं म्हणून फसू नका.

साडूभाऊंच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर (बांधावर) ओळीने पळस होते. पळस म्हणजे फाल्गुनात पेटलेलं झाड, एवढीच बहुतेकांची ओळख. इथे ते छाटून बुटके केलेले, कोवळ्या फांद्यांचे. उन्हाळ्यात छाटणी करायची, पावसाळ्यात नवी फूट येऊ द्यायची आणि दिवाळीच्या आगेमागे त्या फुटीवर बी बांधायचं. बी म्हणजे जिवंत किड्यांनी मढलेल्या काड्या. वीतभर लांबीच्या दोन-तीन काड्यांची जुडी सुतळीने फांदीला लागून बांधतात. शेतकरी दादा बांधत होते, त्यांच्या बायको, मावशी, जुड्या करून देत होत्या.

"हे पिवळं टिकलं दिसते ना, भाऊ? हे दिसलं का समजाचं, पिल्लं निंगाले आले."

मी चश्मा पुसून काडी डोळ्यांजवळ धरली. खडबडीत तपकिरी कवच, त्यावर पांढऱ्या मेणाचे केसासारखे तंतू आणि त्या तंतूंमधून शेंदरी-लाल ठिपके चालत बाहेर येत होते. खसखशीच्या दाण्याहूनही लहान. त्यातले काही माझ्या अंगठ्याच्या नखावर चढले, नखाच्या कडेपर्यंत गेले, रस मिळेना म्हणून परत फिरले. कोवळी फांदी सापडली की त्यांनी सोंड खुपसायची आणि बसायचं. मादी एकदा बसली की जागेवरून हलत नाही. रस पीत राहते आणि अंगातून राळ सोडत स्वतःभोवती घर बांधते. ती राळ म्हणजेच लाख. कारखान्यात आम्ही जिला रेझिन म्हणायचो, त्यात किड्याने बनवलेलं व्यापारी रेझिन हे एकच.

पळसावरच्या जातीला रंगीनी म्हणतात, कुसुमावरच्या जातीला कुसुमी. दोन्हींची वर्षाला दोन-दोन पिकं. आता बांधलेली रंगीनी ही बैसाखी. ती उन्हाळ्याच्या शेवटी तयार होते. पण मे महिन्यातल्या इथल्या उन्हात पळसाची पानं आणि किडे दोन्ही होरपळतात, म्हणून बरेच जण एप्रिलमध्येच कच्ची लाख तोडून मोकळे होतात. तिला अरी म्हणतात. पैसे हातात येतात, पण पुढच्या पिकाला बी उरत नाही आणि मग सगळं गाव बी शोधत फिरतं. इकडच्या लाखेचं खरं दुखणं हेच आहे, असं दादांशी बोलल्यावर माझं मत झालं. भाव पडला-चढला तरी निभतं, बियाण्याशिवाय निभत नाही.

जुड्यांवर दादांनी नायलॉनची बारीक जाळी चढवली होती. लाखेचे किडे तिच्यातून पार होतात, पण त्यांना खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या आतच अडकतात. रांचीजवळ नामकुमला 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथल्या शिफारशींतली ही गोष्ट. तीन आठवड्यांनी जुड्या काढून घ्यायच्या. त्या रिकाम्या काड्यांवर उरलेली फुंकी लाखही विकली जाते.

"धानाले पानी लागते, खत लागते, रात्री डुकराले हाकला लागते," मावशी म्हणाल्या. "याले फकस्त मानूस लागते. अन् मानूसच नाई."

त्यांचा मोठा मुलगा हैदराबादला, धाकटा नागपूरला. धुऱ्याच्या टोकाला कुसुमाची दोन जुनी झाडं होती, उंच आणि भरदार. कुसुमी लाख रंगाने फिकट, म्हणून तिला भाव जास्त. पण त्या झाडांवर चढून फांद्या छाटणारं घरात कुणी उरलं नाही. आपल्या मागोमाग लाख पिकवणारा देश थायलंड. तिथे ती रेन ट्रीच्या झाडांवर घेतात. तेही चढायचंच झाड.

दुपारी त्यांच्याकडेच जेवलो. भात, अंबाडीची भाजी, वरून फोडलेला कांदा. पैसे देऊ केले तर दादा रागावले. जाताना पोरांसाठी खाऊ नेलात तर चालतो, पैसे काढू नका. आणि न विचारता बियाच्या काडीला हात लावू नका. ऊन लागलेली किंवा हाताळलेली जुडी वाया जाते.

शनिवारची रात्र : मंडई

अंधार पडल्यावर बाजूच्या गावची मंडई. जिलेबीचे कढई मांडलेले ठेले, बांगड्या, फुगे, उसाच्या मोळ्या, लाऊडस्पीकरवर दोन वेगवेगळी गाणी. माहेरवाशिणी, जवाई, सोयरे सगळे आलेले. सोयरिकी जुळतात त्याही इथेच. एका टोकाला मोठ्या नाटकाचा शामियाना होता. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचं ठाणं वडसा, तिथूनच कंपनी आली होती. आम्ही मात्र दंडार, म्हणजे इकडचं लोकनाट्य, बघायला बसलो.

सोंग प्रवेश करायच्या वेळी मशालवाला पुढे आला, मुठीतली पूड त्याने ज्योतीवर फेकली आणि भस्सकन ज्वाळ उठली. समोरची पोरं किंचाळून मागे सरली. ती पूड म्हणजे राळ. चिडाच्या (पाइनच्या) झाडाची साधी राळ, जिच्या पावत्या मी वर्षानुवर्षं तपासल्या. मध्यंतरात मशालवाल्याला गाठलं. पळीभर राळ कागदाच्या पुडीत, खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ केलेली.

"कुठून आणता?"

"अर्जुनीच्या दुकानातून. तो कोठून आनते, कोन जाने."

चिडाच्या खोडाला खाच मारली की चीक गळतो. तो उकळला की टर्पेंटाइन उडून जातं आणि तळाशी राळ उरते. हिमाचलमध्ये नाहन आणि बिलासपूरला सरकारी कारखाने आहेत. पण भारताला लागणाऱ्या राळेला तेवढं पुरत नाही. चिकटद्रव्यं, छपाईची शाई, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, साबण, सगळीकडे राळ. एके काळी कागदावर शाई फुटू नये म्हणूनही ती लागायची.

मशालवाला विडी ओढत ऐकत होता, म्हणून मीही सांगत सुटलो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या लांद भागात चिडाची जंगलं राळेसाठी राबत होती. खोडाला भांडं टांगून चीक गोळा करायची पद्धत प्येर ह्यूग यांनी तिथेच रूढ केली. अमेरिकेत जॉर्जियाचं सव्हाना बंदर राळेच्या पिंपांनी भरलेलं असे. पुढे पोर्तुगालही मोठा उत्पादक झाला. या सगळ्यांकडे झाडं अजून उभी आहेत, खाच मारणारे मात्र मिळेनासे झाले. मग चीन आला आणि ग्वांग्शी, ग्वांगडोंग, युन्नान या प्रांतांतल्या खेड्यांनी जग भरून काढलं. आता तिथलीही तरुण पोरं कारखान्यांकडे गेली, मजुरी वाढली आणि ब्राझील पुढे आला. साठ-सत्तरच्या दशकांत करात सूट मिळाली म्हणून ब्राझीलने चिडाच्या बागा लावल्या होत्या, त्या आता कामी येतात. इंडोनेशियात जावा बेटावरची जंगलंही राळ देतात.

"म्हंजे तिकडंबी पोरं शहरातच जातत?" मागे बसलेल्या एका आजीबाईंनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

दंडार पहाटेपर्यंत चालली. टीप : मंडईची तारीख गावोगाव वेगळी असते, छापील वेळापत्रक शोधू नका. साकोली, लाखांदूर, अर्जुनीच्या बसस्टँडवर नाटकांचे फलक लागतात, तेच खरं कॅलेंडर. खाली अंथरायला सतरंजी न्या.

रविवार, सोमवार : गोंदिया

रविवार झोपेत गेला. संध्याकाळी अर्जुनीहून गोंदियाची गाडी धरली. ही बल्लारशा-गोंदिया लाइन सावकाश चालते, पण खिडकीतून तळी दिसतात आणि खारे शेंगदाणे संपत नाहीत.

सोमवारी एका लाखेच्या गोदामात ओळखीने शिरकाव झाला. आत दमट, गोडसर, किंचित कुबट वास. पोत्यांत काड्यांवरून खरवडलेली लाख. ती दळायची, चाळायची आणि पाण्यात रगडून धुवायची. पहिलं पाणी गडद लाल निघतं. हा लाल रंग एके काळी कापडासाठी जहाजांनी परदेशी जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि ते पाणी नालीत गेलं. धुऊन वाळवलेल्या दाण्यांना चौरी म्हणतात.

चौरीपासून चपडा, म्हणजे शेलॅक, करायची जुनी भट्टी या गोदामात अजून आहे. एका लांब, सापासारख्या कापडी पिशवीत चौरी भरतात. एक कारागीर कोळशाच्या धगीसमोर पिशवी धरून बसतो, दुसरा दूरच्या टोकाला ती पिळत राहतो. कापडातून मधाच्या रंगाची लाख पाझरते. तिचे थेंब जस्ताच्या पत्र्यावर पाडले की झाली बटण लाख. त्यांवर शिक्काही मारतात. कारागिराने एक थेंब माझ्यासमोर ताणून दाखवला. हाताएवढा पातळ पडदा झाला, पलीकडचा दिवा त्यातून नारिंगी दिसला आणि क्षणात थंड होऊन तो काचेसारखा फुटला. धगीपासून मी चार पावलं लांब उभा होतो तरी चेहरा भाजत होता. तो माणूस सकाळपासून तिथे बसलेला. त्याचा मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे, आणि बापाला त्याचं समाधान आहे.

मालक गप्पिष्ट निघाले. माल कुठे जातो असं विचारल्यावर त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं : जर्मनी, अमेरिका, औषधाच्या गोळ्यांवरचा मुलामा, चॉकलेटची चकाकी, सफरचंदाचं तकतकीत साल. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ई 904 दिसलं की समजायचं, आपला किडा. लाखेतल्या अ‍ॅल्युरिटिक आम्लापासून अत्तरांसाठी कस्तुरीसारखा वासही बनवतात. पण युरोपात किड्यापासूनचं काही नको म्हणणारे शाकाहारी वाढले, गोळ्या-चॉकलेटवाले दुसरा मुलामा शोधायला लागले, ही त्यांची ताजी चिंता.

असा धक्का लाखेला पहिल्यांदा बसतोय असं नाही. विजेच्या सामानाला इन्शुलेशन म्हणून शेलॅक लागायचं आणि ते पुरेना, महाग पडे. त्याला पर्याय शोधताना लिओ बेकलंडने 1907 साली फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बेकेलाइट केलं. जुन्या घरांतली ती काळी बटणं आठवा. तरी ग्रामोफोनच्या तबकड्या शेलॅकच्याच राहिल्या. कोलकात्यात सियालदाला 1908 मध्ये त्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकेने तबकड्यांसाठीच्या शेलॅकवर निर्बंध आणले, कारण ते जायचं भारतातून आणि हवं होतं लष्कराला. नंतर व्हिनाइल आलं. व्हिनाइल म्हणजे शुक्रवारच्या दुकानातलं ते पीव्हीसीच! मालकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पाइपवाल्यांनी आमचं गाणं बंद केलं."

मला एक गोष्ट मात्र पटली नाही. काड्या गोंदियात येतात, त्यांतल्या बऱ्याच नुसत्या चौरी होऊन छत्तीसगड आणि बंगालकडे जातात. मोल वाढतं ते पुढच्या दोन पायऱ्यांवर, आणि त्या पायऱ्या इथे नाहीत. याला जबाबदार बाजार नाही, इथलं भांडवल आहे. तांदळाच्या गिरण्यांना पैसा मिळतो, लाखेला मिळत नाही.

लाकडाला पॉलिश करायला चपडा घ्यायचा असेल तर इथे घ्या. पाकळ्या सुट्या आणि कुरकुरीत हव्यात. गोळा झालेला माल जुना किंवा उन्हात राहिलेला. स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत ठेवा आणि द्रावण सहा महिन्यांच्या आत वापरून टाका, नाहीतर वाळतच नाही. आणि धुण्याच्या हौदाजवळ पांढरे कपडे घालून जाऊ नका.

मंगळवार : देवरी, कोरची, कुरखेडा

देवरीवरून कोरचीकडे जाणारा रस्ता दाट जंगलातला. मोबाइलची रेंज वाटेत कितीदा तरी जाते. रोख पैसे जवळ ठेवा आणि शेवटच्या एसटीची वेळ आधीच विचारून घ्या.

कुरखेड्याच्या अलीकडे एका गावच्या बाजारात डिंक घेऊन बसलेल्या बाया दिसल्या. धावड्याचा डिंक, लाडवांसाठी, थंडी पडल्यामुळे गिऱ्हाईक जोरात. माल उन्हाळ्यात गोळा करून ठेवलेला. शेजारच्या पानाच्या द्रोणात सालईच्या झाडाचे काळपट पिवळे खडे होते, धुपाला. दोन्ही एकाच नावाने विकत होत्या. मी एकेक खडा पाण्याच्या पेल्यात टाकून दाखवला : डिंक फुगून चिकट झाला, सालईचा खडा बऱ्याच अंशी तसाच राहिला. तो मुख्यतः राळेचा, त्याला स्पिरिट लागतं. एका बाईने पेला हातात घेतला, वास घेतला आणि "हे तं आमाले तोंडात टाकूनच समजते" म्हणून हसली. बरोबर होतं तिचं.

वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक हक्क मिळाले, त्यानंतर या जिल्ह्यात अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदू स्वतः विकू लागल्या. डिंक आणि लाख अजून बहुतेक ठिकाणी एकेकट्याने, वजनकाट्यावर भरवसा ठेवून विकली जाते.

चहाच्या टपरीवर एक तरुण भेटला. त्याच्याकडे पळस भरपूर, गेल्या वर्षी लाखही घेतली होती, कोचियाने (गावोगाव फिरणाऱ्या व्यापाऱ्याने) दारातूनच उचलली. गोंदियात काय भाव चाललाय हे मी सांगितलं तेव्हा त्याने कप खाली ठेवला.

"पन मी तं जानेवारीत तेलंगणात मिरची तोडाले जातो, काका. एप्रिलपर्यंत तितंच."

"मग लाख कोण काढेल?"

"अरी काढाची म्हंजे एप्रिलच. आठ दिवस आधी येतो ना घरी." मग जरा थांबून त्याने मोबाइल काढला. "त्या गोंदियावाल्याचा नंबर सांगा."

नंबर देऊन मी वडशाची एसटी पकडली. वडशाहून ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेडमार्गे नागपूरला थेट गाड्या आहेत. पुढच्या खेपेला जाणारे असाल तर बी बांधताना बघायला दिवाळीनंतर लगेच जा, तोडणी बघायची तर एप्रिलच्या सुरुवातीला, सकाळी दहाच्या आत. त्यानंतरचं ऊन किड्यालाही सोसत नाही.